अंगठ्याचं व्हाउचर: तालुक्याच्या महाविद्यालयातील अंकेक्षण प्रात्यक्षिकाचा प्रकरण अभ्यास

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावचं महाविद्यालय. बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला ३२ विद्यार्थी, बहुतेक आसपासच्या खेड्यांतून एसटीने येणारे आणि कापूस-तूर-सोयाबीनच्या घरातले. विषय अंकेक्षण. पाठ्यपुस्तकात तो ‘अंकेक्षण’, सहकार खात्याच्या कागदावर ‘लेखापरीक्षण’ आणि गावात सरळ ‘ऑडिट’. व्हाउचिंग (नोंद तिच्या कागदावरून पडताळणं) आणि व्हेरिफिकेशन (माल-मालमत्ता प्रत्यक्ष तपासणं) यांतला फरक विचारला की आठही मुद्दे क्रमाने लिहिले जात. पण खताच्या दुकानाचं एक बिल, मालासोबत येणारं एक चलन आणि साठा नोंदवही हातात देऊन ‘हा माल खरंच आला का, सांगा’ म्हटलं की उत्तर येई, ‘बिलावर सही-शिक्का आहे सर, म्हणजे आला.’

अडचण हुशारीची नव्हती. पुरावा म्हणजे काय, तो कुठून येतो, कोणता किती वजनाचा, हे पुस्तकातल्या यादीवरून कळत नाही. सोयाबीनच्या पोत्यात हात घालून ओल किती आहे ते सांगणाऱ्या मुलाला पुराव्याची पारख नवी नसते. ती पारख वर्गात वापरायची असते, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. म्हणून या विषयाचा एक क्रेडिट, म्हणजे ३० तास, प्रात्यक्षिकासाठी काढला. वाटणी अशी: संस्थेचं कामकाज समजून घेणं ४ तास, व्हाउचिंग १०, मुलाखत व बाकी-खात्रीची पत्रं (बाकीदाराला ‘एवढी बाकी बरोबर का’ विचारणारी) ४, साठामोजणीचा वर्गातला सराव २, प्रत्यक्ष गोदाम ५ आणि लेखन ५. पहिल्या फेरीत ही आखणी बरीच फसली. ती कुठे फसली आणि दुसऱ्या फेरीत काय बदललं, ते पुढे सविस्तर दिलं आहे.

पेटीत काय असतं

प्रात्यक्षिकाचा गाभा एक पेटी आहे. एका काल्पनिक ग्राम सेवा सहकारी संस्थेच्या खतविक्री विभागाचे जून महिन्याचे सगळे कागद तिच्यात असतात. जून मुद्दाम निवडला. पेरणीच्या तोंडावर मालाची ये-जा, उधारी, रोख आणि घाई हे सगळं एकाच महिन्यात भेटतं. जोडीला मार्चचा शेवटचा आणि एप्रिलचा पहिला आठवडा, कारण वर्षअखेरची सीमारेषा, म्हणजे कोणता व्यवहार कोणत्या वर्षात धरायचा, ती जूनमध्ये शिकवता येत नाही.

पेटीत रोजकीर्द (रोजच्या व्यवहारांची वही), खतावणीची (खातेवार वहीची) पानं, तेरीज (सगळ्या खात्यांच्या बाक्यांचा तक्ता), साठा नोंदवही, १८ खरेदी बिलं व त्यांची चलनं, वजनकाट्याच्या पावत्या, खर्चाची ९६ व्हाउचरं, पावतीपुस्तकं, बँकेचा उतारा, खतविक्रीच्या पॉस यंत्राचे रोजचे अहवाल, बाकीदारांची यादी आणि संचालक मंडळाचे चार ठराव असतात. एका संचात साधारण १७० पानं होतात. चौघांचा एक असे आठ गट, त्यामुळे आठ संच. सहाच्या गटात दोघं लिहितात आणि चौघं बघत बसतात, म्हणून चारच.

संच झेरॉक्सचे असले तरी मूळ कागदांची एक पेटी शिक्षकाच्या टेबलावर ठेवायलाच हवी. खाडाखोड, व्हाइटनर, वेगळ्या शाईने वाढवलेला आकडा हे झेरॉक्सवर दिसत नाही. ५८० च्या मागे नंतर जोडलेला १ झेरॉक्सवर १५८० म्हणून अगदी निर्मळ दिसतो, मूळ कागदावर मात्र तो एक निळा आणि बाकीचे तीन काळे. ‘मूळ प्रत बघता येईल का?’ असं विचारणाऱ्या गटालाच पेटी उघडायची. झेरॉक्सपेक्षा मूळ कागद अधिक भरवशाचा, हे पुराव्याविषयीच्या अंकेक्षण मानक ५०० मध्ये आहेच. पण ते वाक्य पाठ असूनही पहिल्या फेरीत बराच वेळ कुणी उठून टेबलापाशी आलं नाही.

युरियाची ती एक खरेदी

या पेटीतली एक खरेदी जवळून पाहण्यासारखी आहे, कारण सगळं प्रात्यक्षिक तिच्याभोवती फिरतं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात युरियाची ४०० पोती आल्याची नोंद आहे. बिल कॉम्प्युटरवर छापलेलं, ४०० पोती, सरावासाठी धरलेला दर २५० रुपये. चलन ४०० चं. साठा नोंदवहीत जमा ४००. तीनही कागद एकमेकांशी तंतोतंत जुळतात. जुळणारच, कारण नोंदवही चलन पाहून लिहिली आणि चलन बिल पाहून छापलं. म्हणजे कागद तीन असले तरी माहितीचा उगम एकच, आणि त्यामुळे पुरावाही एकच. मुलांच्या डोक्यात ही गोष्ट बसायला सगळ्यात जास्त वेळ लागतो.

चौथा कागद वजनकाट्याचा. भरलेला ट्रक २५,९४० किलो, रिकामा ८,८०० किलो, निव्वळ १७,१४० किलो. इथे दोन सापळे आहेत. पहिला, पोत्याचं वजन. घरी सगळे ‘पन्नास किलोची बॅग’ म्हणतात, आणि युरियाची बॅग आधी ५० किलोची होतीही. २०१८ पासून ती ४५ किलोची आहे. ५० ने भागणाऱ्याला ३४२ पोती मिळतात आणि तो ५८ पोत्यांची तूट लिहून मोकळा होतो. ४५ ने भागलं तर ३८० पोती आणि वर ४० किलो उरतात. हे ४० किलो म्हणजे काय, हा दुसरा सापळा. रिकाम्या पोत्याचं वजन सुमारे १०० ग्रॅम धरलं तर ३८० पोत्यांचे ३८ किलो होतात, आणि वजनकाटा १० किंवा २० किलोच्या टप्प्यानेच आकडा दाखवतो. म्हणून ४० किलोचा खुलासा होतो, पण २० पोत्यांच्या ९०० किलोचा होत नाही. मोजमापातली स्वाभाविक तफावत आणि खरी तफावत वेगळी ओळखणं इथे एका भागाकारात शिकवता येतं.

पाचवा कागद म्हणजे हमालीचं व्हाउचर. वहीचं फाडलेलं रेघी पान. वर पेनने ‘पोते उतरवले ३८० × ६ = २२८०’, खाली एक निळा अंगठा, बाजूला कुणाची तरी साक्षीची सही. छापील नमुना नाही, अनुक्रमांक नाही, पत्ता नाही.

पहिल्या फेरीत जवळजवळ प्रत्येक गटाने हे व्हाउचर ‘बोगस’ म्हणून बाजूला काढलं आणि छापील बिलाला हिरवी खूण केली. ज्यांच्या घरी दर हंगामात असेच कागद होतात, त्यांनीही तेच केलं. वर्गात आलं की छापील ते खरं आणि अंगठ्याचं ते खोटं, असं आपण न सांगता शिकवत आलो आहोत. याचं दुःख वाटायला हवं, कारण संपूर्ण पेटीत ट्रकमधून किती पोती उतरली हे ज्याने पाठीवर वाहून मोजलं, असा तो एकच माणूस. त्याला पोत्यामागे सहा रुपये मिळतात. तो कमी मोजणार नाही, आणि संस्था त्याला जास्त मोजून पैसे देणार नाही. दोघांचं हित एकमेकांच्या विरुद्ध असताना लिहिला गेलेला आकडा म्हणून ३८० ला वजन आहे. शिवाय वजनकाट्याने, पूर्णपणे वेगळ्या वाटेने, तोच आकडा दिला आहे.

त्या व्हाउचरात दोष नाही असं नाही. अनुक्रमांक, पत्ता, मंजुरीची सही हे सगळं हवं आणि तसा शेराही लिहायला हवा. पण कागदाचा नमुना सदोष असणं आणि त्यातली माहिती खोटी असणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. हे या विषयातलं सगळ्यात उपयोगी ज्ञान, आणि लेखी पेपरात त्यावर क्वचितच प्रश्न येतो.

आणखी एक. नमुना निवडीने हे व्हाउचर सापडण्याची शक्यता कमीच आहे. ९६ पैकी १०,००० रुपयांवरची १४ व्हाउचरं सगळी तपासायची आणि उरलेल्या ८२ मधून चिठ्ठीने सुरुवात ठरवून दर आठवं घ्यायचं, असे साधारण २४ कागद होतात. २,२८० रुपयांचं व्हाउचर त्यात येईलच असं नाही. ते सापडतं खरेदीचा धागा धरून गेल्यावर: माल आला, तर ट्रक आला, ट्रक आला, तर काटा झाला, काटा झाला, तर उतराई झाली, उतराई झाली, तर कुणाला तरी पैसे दिले. पहिल्या तासात मुलांकडून हा क्रम फळ्यावर लिहून घ्यावा. कोणत्या टप्प्यावर कोण कागद करतं, ते त्यांना शिक्षकापेक्षा चांगलं माहीत असतं.

जे समोर नाही ते

पेटीत तीन पावतीपुस्तकं आहेत: १०१ ते १५०, २०१ ते २५० आणि २५१ ते ३००. गट प्रत्येक पावती रोजकीर्दीशी पडताळतात, सगळं जुळतं, खूण होते. १५१ ते २०० कुठे गेलं, हे विचारायचं राहून जातं.

इथे तपासाची दिशा शिकवावी लागते. वहीतल्या नोंदीवरून कागदाकडे गेलं तर खोटी नोंद सापडते. कागदावरून वहीकडे गेलं तर राहून गेलेली नोंद सापडते. मुळात कागदच गायब असेल तर दोन्ही दिशा आंधळ्या. तिथे अनुक्रमांक हाच पुरावा. पावतीपुस्तकं छापून आली किती, कुणाला दिली, परत आली किती, याचं रजिस्टर मागावं लागतं, आणि ते पेटीत ठेवलेलं नाही. ते गटसचिवांकडे, म्हणजे संस्थेचा कारभार पाहणाऱ्या सचिवांकडे आहे.

गटसचिवांची भूमिका एखाद्या सहशिक्षकाने करावी. त्यांना नियम एकच: खोटं बोलायचं नाही, पण विचारलं तेवढंच सांगायचं. संवाद बहुधा असा होतो:

‘साहेब, सगळी पावतीपुस्तकं दिली ना तुम्ही?’

‘हो बेटा, कपाटात होती तेवढी सगळी दिली.’

गट समाधानाने परततो. दुसऱ्या गटातली एखादी मुलगी थोड्या वेळाने जाते:

‘साहेब, छापून आलेल्या पावतीपुस्तकांचं रजिस्टर असेल ना? ते बघायचं होतं.’

‘आहे ना. हे घ्या.’

रजिस्टरमध्ये चार पुस्तकं आल्याची नोंद आहे. १५१ ते २०० ‘वसुलीसाठी दिले’, पुढे एक सही, आणि परतीच्या तारखेचा रकाना कोरा. ‘आहे ना?’ विचारलं की ‘आहे’ मिळतं, ‘दाखवा’ म्हटलं की कागद मिळतो. हा फरक मुलाखतीवरच्या तासाभराच्या व्याख्यानाने कळत नाही, दोन मिनिटांच्या या प्रसंगाने कळतो.

याच धाग्याचं दुसरं टोक बाकी-खात्रीच्या पत्रांत आहे. अंकेक्षण मानक ५०५ प्रमाणे बाहेरच्या व्यक्तीकडून थेट अंकेक्षकाला उत्तर यायला हवं. बाकीदारांची भूमिका दुसऱ्या वर्षाचे विद्यार्थी करतात. दहा पत्रं जातात. सहा जणांचं उत्तर जुळतं, तिघं उत्तरच देत नाहीत, आणि एकाचं येतं: ‘मिरगाच्या आधीच चार हजार भरले न भाऊ. पावती नंबर १८७ घरी हाये. मंग साडेनऊ हजार बाकी कशी?’ यादीत ९,५०० आहेत, तो म्हणतो ५,५००. ज्या गटाला १८७ हा आकडा वाचून गायब पुस्तक आठवतं, त्याला पुढे काही सांगावं लागत नाही. जे तिघं उत्तर देत नाहीत त्यांचंही काम आहे. उत्तर नाही म्हणजे होकार नाही. पुन्हा पत्र, मग पावत्या आणि नंतरचा भरणा तपासणं, हे पर्यायी मार्ग गटाने नोंदवायला हवेत.

ही पत्रं खऱ्या शेतकऱ्यांना पाठवू नयेत, विद्यार्थ्यांना दारोदार तर अजिबात पाठवू नये. कर्जाची बाकी विचारायला कॉलेजची पोरं अंगणात उभी राहणं हा या भागात त्या घराचा अपमान आहे, आणि कर्ज या शब्दाने इथल्या घरांतून काय ओढून नेलं आहे ते सगळ्यांना माहीत आहे. शिकण्यासाठी कुणाची लाज वेशीवर टांगायची नाही.

काडेपेट्यांची थप्पी

गोदामात जाण्यापूर्वी दोन तास वर्गात काडेपेट्या मोजायच्या. दोन गटांत मिळून एक थप्पी, म्हणजे चार थप्प्या. प्रत्येक थरात ४ × ५ = २० पेट्या, असे ६ थर. बाहेरून मोजली तर १२०. पण दुसऱ्या ते पाचव्या थरात मधल्या ६-६ पेट्या ठेवायच्याच नाहीत. २४ कमी, प्रत्यक्षात ९६. वरचा थर आत कोसळू नये म्हणून त्याखाली पातळ, ताठ पुठ्ठा घालावा आणि तो कडेपासून सेंटिमीटरभर आत कापावा, नाहीतर बाजूने दिसतो. थप्पी मुलं येण्याआधी रचून ठेवायची.

सगळे लांबी, रुंदी, उंची मोजून गुणाकार करतात आणि १२० लिहितात. मग वरचा थर उचलायला सांगायचा. त्या क्षणी वर्गात जो गलका होतो, त्यानंतर ‘साठ्याच्या मोजणीला अंकेक्षकाने हजर का राहावं’ हे वेगळं शिकवावं लागत नाही.

गोदामातला दिवस

जवळच्या गावातल्या एका सहकारी संस्थेने गोदाम पाहू दिलं. हे ऑडिट नव्हे, ही गोष्ट सगळ्यांना आधी स्पष्ट हवी. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ८१ प्रमाणे होणारं लेखापरीक्षण नामतालिकेवरचा (मान्य यादीतला) लेखापरीक्षकच करतो. विद्यार्थ्यांचा कागद शिक्षणापुरता, तो बाहेर जात नाही. तसं पत्र संस्थेला द्यावं, गोपनीयतेची हमी प्रत्येक विद्यार्थ्याकडून घ्यावी आणि पॉस पावत्यांवरचे आधारचे आकडे, नावं झाकूनच कागद हाताळावेत. मोबाईलवर फोटो काढायचे नाहीत.

दिवस निवडताना पेरणीचा हंगाम आणि आठवडी बाजार टाळावा. ऑगस्टअखेर बरी. सकाळी साडेदहाला सुरुवात, साडेतीनला आवरतं, कारण शेवटची एसटी चुकवता येत नाही. पायात बंद बूट, तोंडाला रुमाल किंवा मास्क. पावसाळ्यात थप्पीच्या खालच्या फळ्यांत साप-विंचू असतात, म्हणून फटीत हात घालायचा नाही. कीटकनाशकांच्या खोक्यांना हात लावायचा नाही, फक्त बाहेरून मोजायचं. २०१७ मध्ये याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसं दगावली आहेत, हे मुलांना सांगावं लागत नाही. परतताना साबणाने हात धुतल्याशिवाय डबा उघडायचा नाही.

युरियाची थप्पी ६ × ४ ची, ९ थरांची. गुणाकार २१६. साठा नोंदवहीत शिल्लक २१४. मुलं खूश: दोनचाच फरक, किरकोळ. काडेपेट्या दोनच दिवसांपूर्वी मोजल्या होत्या, तरीही. एका विद्यार्थिनीने मात्र गोदाम सांभाळणाऱ्या काकांना विचारलं, ‘काका, आत सगळी भरलेली आहे ना ही?’

‘अवं पोरी, मंधात खाली हाये थे. फाटलेली पोती काढली ना तिथून.’

वर चढून पाहिलं तर मधल्या दोन रांगांत सात पोती कमी. म्हणजे थप्पीत २०९. कोपऱ्यात ताडपत्रीखाली फाटलेली पाच. २०९ आणि ५ मिळून २१४. वही बरोबर होती, २१६ चूक. आकडा जवळ आला म्हणजे तपासणी झाली, या समजुतीला याहून चांगलं उत्तर पेटीत घालता आलं नसतं. पाच फाटलेली पोती तिथल्याच काट्यावर टाकली तर १६३ किलो भरली. पाच पूर्ण पोत्यांचे २२५ व्हायला हवे होते. ६२ किलो सांडलेलं, ओल लागून ढेकळं झालेलं. संख्येने साठा जुळला, मोलाने नाही. सत्यापनात (व्हेरिफिकेशनमध्ये) मोजणी आणि मूल्यांकन ही दोन कामं का धरतात, ते तिथे काट्यासमोर उभं राहून कळलं.

पॉस यंत्रात शिल्लक २३१ दिसत होती. अनुदानित खताची विक्री आधार पडताळून यंत्रावरच व्हायला हवी. पण सर्व्हर बंद आणि दारात रांग असली की विक्री आधी वहीत होते आणि यंत्रावर नंतर चढते. अशी १७ पोती वहीत सापडली. २३१ उणे १७, म्हणजे २१४. बँक जुळवणीपत्रकासारखंच हे जुळवणीपत्रक, आणि मुलांनी ते स्वतःहून त्याच नमुन्यात मांडलं. फरक जुळला तरी नियमाचा भंग उरतोच, तो शेऱ्यात वेगळा जायला हवा.

पहिल्या फेरीत काय बिघडलं

सगळ्यात मोठी चूक गुणांची. प्रत्येक सापडलेल्या दोषाला दोन गुण ठेवले होते. परिणाम असा की गटांनी दिसेल त्यावर ‘संशयास्पद’ शिक्का मारला, तारखेचा अंक पुसट असला तरी दोष. चूक शोधण्याची शर्यत झाली आणि अंकेक्षण राहून गेलं. ठीक असलेल्या कागदाला, कशावरून ठीक हे लिहून, ठीक म्हणणं हे कामाचं मोठं अंग आहे आणि त्याला शून्य गुण होते. दुसऱ्या फेरीत ५० गुणांची वाटणी बदलली: कार्यपत्रं (तपासणी करताना ठेवलेल्या नोंदी) २०, अहवालातले शेरे १५, तोंडी १०, मोजणी तक्ता ५. किती दोष पेरले आहेत ते सांगायचं नाही. पेरलेल्या दोषांइतकेच, दिसायला वाईट पण मुळात खरे कागदही पेटीत घालायचे.

दुसरी चूक भाषेची. पहिल्या फेरीतला एक शेरा असा होता: ‘संस्थेत २० पोत्यांची चोरी झाली असून सचिव जबाबदार आहेत.’ चोरी कुणी पाहिली? पुरवठादाराने कमी पाठवली असतील, वाटेत उतरली असतील, इथे उतरल्यावर गेली असतील. कागद एवढंच सांगतात की ४०० आली नाहीत. दुसऱ्या फेरीत प्रत्येक शेऱ्याला पाच भाग सक्तीचे केले: काय नोंदलं आहे, काय आढळलं, कोणत्या कागदावरून, रकमेचा परिणाम, संबंधितांचा खुलासा. त्या साच्यात तोच शेरा असा झाला:

‘बिल व चलनानुसार युरियाची ४०० पोती जमा आहेत. वजनकाटा पावतीनुसार निव्वळ वजन १७,१४० किलो असून ते ३८० पोत्यांशी जुळते. उतराईची हमाली ३८० पोत्यांची दिली आहे. २० पोत्यांचा फरक, बिलाच्या दराने रु. ५,०००. पुरवठादारास तूट कळवल्याचा कागद आढळला नाही. खुलासा: गटसचिवांनी साठा चलनावरून जमा केल्याचे सांगितले.’

इथेही एक सापळा होता. बरेच गट पोत्यावर छापलेल्या २६६ रुपये ५० पैशांनी गुणून ५,३३० लिहितात. संस्थेचं नुकसान खरेदीच्या दराने मोजायचं, न झालेल्या विक्रीच्या नफ्यासह नाही.

शेरे लिहून झाले की गटांनी ते आपसांत बदलायचे. आता दुसरा गट संस्थेच्या बाजूने बसून कलम ८२ प्रमाणे दोषदुरुस्ती अहवाल लिहितो. ज्या शेऱ्यावर ‘म्हणजे नेमकं काय दुरुस्त करू?’ असा प्रश्न येतो, तो शेरा पुन्हा लिहायचा. अर्धवट लिहिलेला शेरा किती निरुपयोगी असतो, हे उत्तर द्यायला बसल्यावर झोंबतं.

तिसरी अडचण फुटलेल्या उत्तरांची. वरच्या वर्गाने खालच्या वर्गाला ‘हमालीचं व्हाउचर बघ’ एवढं सांगितलं तरी पेटी मेली. म्हणून दरवर्षी आकडे बदलावेत, पण पूर्ण साखळीत. ३८० चे ३८५ केले तर हमाली २,३१०, निव्वळ वजन १७,३६० आणि भरलेला ट्रक २६,१६० किलो होतो. तूट १५ पोती, रु. ३,७५०. एक कागद जरी जुना राहिला तर आपण न पेरलेला दोष तयार होतो आणि हुशार गट तोच पकडतो. कधी साखळी उलटीही करावी: काटा आणि बिल ४०० चं, आणि अंगठ्याचं व्हाउचर ४४० चं. मग संशय हमालीवर, आणि तो बरोबर. नाहीतर ‘अंगठा म्हणजे खरं’ असा नवा आंधळेपणा तयार होतो.

पूर्व विदर्भात, भंडारा-गोंदियाकडे, हीच पेटी धान खरेदी केंद्राची करता येते. तिथे वजनकाट्याची जागा बारदाना, म्हणजे धान भरायची पोती घेतात. केंद्राला मिळालेला बारदाना, भरलेला, शिल्लक आणि फाटलेला यांची बेरीज जुळली नाही तर खरेदीचा आकडा तपासावाच लागतो. धानाची १७ टक्के ओलाव्याची मर्यादा आणि भरडाईतून १०० क्विंटल धानामागे ६७ क्विंटल तांदूळ हे दोन आकडे मुलांच्या हाती दिले की कागद उघडण्याआधीच ते अंदाज बांधू शकतात. कापूस पट्ट्यात जिनिंगची पेटी करायची तर १७० किलोची गाठ आणि रुईचा उतारा (कापसातून निघणाऱ्या रुईचं प्रमाण) घ्यावा. उतारा वाण आणि ओलीप्रमाणे बदलतो, म्हणून तिथे एक आकडा न देता पट्टा द्यावा आणि त्या पट्ट्याबाहेरच्या दिवसांचे कागद आधी काढायला सांगावेत. पेटी कोणतीही असो, ती लोखंडी असावी. लाकडी कपाटात ठेवलेल्या मूळ कागदांना एका पावसाळ्यात वाळवी लागते आणि अंगठ्याचं ते रेघी पान सगळ्यात आधी जातं.